सत्ताविसाव्या पानावरची खूण

माझा साडू वर्षाला बावन्न पुस्तकं वाचतो. ही माहिती मला त्याने दिली, त्याच्या बायकोने दिली, माझ्या बायकोने दिली, माझ्या मुलीने दिली, आणि तरीही माझ्या डोक्यात शिरली नसेल तर म्हणून फॅमिली ग्रुपवर दर रविवारी सकाळी ती मुखपृष्ठाच्या फोटोसकट येते. फोटोखाली एक ओळ. ‘आठवडा एकतिसावा. अंतर्मुख करणारं.’ ‘आठवडा बत्तिसावा. हलवून टाकणारं.’ बत्तीस आठवडे हा माणूस आतून-बाहेरून हलतोय, पण पोट आहे तिथेच आहे.

तुम्ही म्हणाल, मग तुमच्या पोटात का दुखतं? दुखतं. मी ते लपवत नाही. जे लोक ‘मला कुणाचा मत्सर वाटत नाही’ म्हणतात ते एकतर संत असतात किंवा त्यांना साडू नसतो.

माझा साडू एका कंपनीत लोकांना ध्येयं ठरवून देण्याचं काम करतो. म्हणजे नेमकं काय करतो हे मी त्याला तीनदा विचारलं, तिन्ही वेळा त्याने फळ्यावर शिडी काढून दाखवली. मी छापखान्यात कटिंग मशीन चालवतो. माझ्या कामाला शिडी लागत नाही. कागदाची थप्पी ठेवायची, दाब द्यायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, सुरी खाली येते, कागद सरळ होतो. शाळा दहावीनंतर मला पुन्हा दिसली नाही. जे वाचलं ते रद्दीतून आणि छपाईतून वाया गेलेल्या कागदांतून वाचलं, कित्येक गोष्टींची सुरुवात मला माहीत नाही आणि कित्येकांचा शेवट. तरी लिहायला बसलो. अकरा वर्षं एक कादंबरी लिहितोय. किती पानं झाली असं विचारणारे लोक मला आवडत नाहीत.

तर त्या बत्तिसाव्या आठवड्यात मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. परदेशात चार आपली माणसं जमली की मंडळ निघतं, आणि मंडळ निघालं की सेक्रेटरी निघतात. आमच्या सेक्रेटरींचं प्रत्येक वाक्य ‘एक सूचना आहे’ने सुरू होतं, म्हणून सगळे त्यांना सूचनाकाका म्हणतात.

‘एक सूचना आहे,’ ते म्हणाले. ‘पुढच्या महिन्यात शेवटच्या रविवारी हॉलवर व्याख्यान ठेवलंय. विषय आहे, परदेशातलं वाचन आणि आपली ध्येयं.’

अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी कळलं होतं. मी आवाज जड केला. ‘माझी तयारी आहे, काका.’

‘उत्तम! मग तुम्ही दोनलाच या. साठ खुर्च्या तळघरातून वर आणायच्यात. बोलणार तुमचे साडूच आहेत, त्यामुळे घरचंच कार्य समजा.’

मी फोन ठेवला. बायको समोर बसून मुलीच्या पॅन्टची शिवण उसवत होती. ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करते. चाळीस मिनिटं बसने जायचं, चाळीस मिनिटं बसने यायचं, आणि घरी येऊन पुन्हा सुई-दोराच. तिला मी सगळं सांगितलं.

‘मग नेऊन ठेवा की खुर्च्या,’ ती म्हणाली. ‘हातपाय मोकळे होतील.’

‘अगं, प्रश्न खुर्च्यांचा नाही. त्या खुर्च्यांवर बसून लोक त्याचं ऐकणार!’

‘तुम्हीपण ऐका.’

त्यावर आमची चौदा वर्षांची कन्या फोनमधून मान वर न करता म्हणाली, ‘बाबा, काका खरंच खूप वाचतात. तुम्ही शेवटचं पुस्तक कधी वाचलंत?’

‘मी रोज छापखान्यात...’

‘कापता. वाचता कधी?’

त्या क्षणी मी ठरवलं. इथल्या सार्वजनिक लायब्ररीत, मागच्या भिंतीला, एक हिरवं कपाट आहे. त्यात आपल्या भाषेतली एकसष्ट पुस्तकं आहेत. परत जाणाऱ्या कुणीतरी सामान हलकं करताना दिलेली. साडूच्या फोटोंमध्ये मागे तेच हिरवं कपाट दिसतं, हे मी फोटो मोठा करून पाहिलेलं होतं. व्याख्यानाला सहा आठवडे होते. सहा आठवड्यांत एकसष्टच्या एकसष्ट वाचायची, प्रश्नोत्तरांच्या वेळी उठायचं, आणि शांतपणे म्हणायचं, ‘बावन्न? बरं.’ बस. एवढंच माझं ध्येय.

सकाळी खालच्या मजल्यावरचे निवृत्त चष्मेवाले जिन्यात भेटले. त्यांना मी उगाच सांगितलं. ते म्हणाले, वाचताना दर वीस मिनिटांनी लांबच्या झाडाकडे पाहायचं, नाहीतर डोळे जातात. आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. मी दर वीस मिनिटांनी खाली जाऊन झाड शोधावं काय? छापखान्यातला बाइंडर, ज्याला आम्ही चिकटराव म्हणतो, त्याने व्यवहारी सल्ला दिला. ‘पातळ आधी घे. जाडी बघून माणूस खचतो.’ तो स्वतः पस्तीस वर्षं पुस्तकं शिवतोय आणि एकही वाचलेलं नाही, त्यामुळे त्याचं मत निःपक्षपाती मानायला हरकत नव्हती.

लायब्ररीचं कार्ड काढायला गेलो तिथे पहिली ठेच. काउंटरवरच्या बाईंनी राहत्या पत्त्याचा पुरावा मागितला. विजेचं बिल बायकोच्या नावावर. घराचा करार बायकोच्या नावावर, कारण सहीच्या दिवशी छापखान्यात माझी पाळी होती. बँकेचं पत्र माझ्या नावावर आहे, पण त्यावर पत्ता नऊ वर्षांपूर्वीच्या खोलीचा.

‘मग तुम्ही राहता कुठे?’ बाईंनी विचारलं.

‘बायकोकडे,’ माझ्या तोंडून निघून गेलं.

मागच्या रांगेतल्या दोघांनी माझ्याकडे पाहिलं. बाईंनी सहानुभूतीने एक फॉर्म दिला. ‘सदर व्यक्ती माझ्या परवानगीने माझ्या पत्त्यावर राहते’ असं घरमालकाने किंवा भाडेकरूने लिहून द्यायचं. मी तो घरी आणला. बायकोने वाचला, पेन उघडलं, आणि अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं, ‘कधीपर्यंत राहणार आहात ते पण लिहायचंय. काय लिहू?’

दुसऱ्या दिवशी बाईंनी फॉर्मवरची सही पाहिली आणि त्यांचा चेहराच बदलला. ‘अरे! तुम्ही त्यांचे मिस्टर का! आधी सांगायचं ना!’ माझी बायको मुलीला लहानपणी चित्रांची पुस्तकं आणायला तिथे न्यायची, ती ओळख असणार. मला राग आला. सतरा वर्षं संसार केला आणि लायब्ररीत माझी ओळख काय, तर ‘त्यांचे मिस्टर’. कार्ड मिळालं, पण नव्या सभासदाला एका वेळी दोनच पुस्तकं. मी चिकटरावांचा सल्ला मानून सगळ्यात पातळ दोन उचलली. एक होतं घरगुती वायरिंगचं आणि दुसरं लोणच्यांचं. दोन्ही वाचली. आकडा म्हणजे आकडा.

वाचायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. जेवणाच्या सुट्टीत वाचायला लागलो तर झोप यायची. एकदा मशीनवर, थप्पी लावता लावता, पुस्तक बाजूला उघडं ठेवलं. ते सरकून सुरीखाली गेलं. नशीब, सुरीसमोरच्या किरणांच्या पडद्यात काही आलं की मशीन आपोआप बंद पडतं, तसं ते पडलं. त्याचबरोबर मजल्यावरचा लाल दिवा लागला, भोंगा वाजला, आणि फोरमन धावत आला. त्याला वाटलं माझा हात गेला. हात शाबूत आहे पाहून तो जास्त चिडला. मला, बावीस वर्षं सुरी चालवणाऱ्या माणसाला, नव्याने लागलेल्या लोकांबरोबर अर्धा दिवस ‘आपली बोटं आपली जबाबदारी’ या विषयावर बसवलं. शेवटी परीक्षा होती. माझे दोन प्रश्न चुकले.

मग बसमध्ये वाचायचं ठरवलं. तीन वेळा माझा थांबा गेला. तिसऱ्यांदा मी बसच्या आगारातच पोचलो आणि ड्रायव्हरने मला झोपलेला समजून हलवलं. घरी आल्यावर बायकोने विचारलं, ‘उशीर?’ मी सांगितलं. ती म्हणाली, ‘बसमध्ये वाचताना डाव्या बाजूला बसावं. आपला थांबा यायच्या आधी मोठं वळण लागतं, अंग कलतं, तेव्हा पुस्तक मिटायचं.’

माझं लक्ष नव्हतं. मी विचार करत होतो की पाच आठवडे झाले आणि माझा आकडा आठ आहे.

लक्ष नसण्याचं खरं कारण वेगळं होतं. त्याच आठवड्यात मला ती खूण दिसली होती. पुस्तकात सत्ताविसावं पान, आणि पानाच्या आकड्याभोवती पेन्सिलीने काढलेलं बारीक, नीट वर्तुळ. तुम्हाला माहीत असेल, आपल्याकडच्या वाचनालयांतल्या जुन्या मंडळींची ही सवय. महिन्याला वीस पुस्तकं वाचली की कुठलं वाचलं, कुठलं नाही हे लक्षात राहत नाही, म्हणून प्रत्येकाने आपलं एक पान ठरवलेलं असतं. कुणाचं अकरावं, कुणाचं पन्नासावं. पुस्तक संपलं की त्या पानाला खूण करायची. पुढच्या वेळी हातात आलं की ते पान उघडायचं, खूण असली तर परत कपाटात.

दुसऱ्या पुस्तकातही तेच. मग मी लायब्ररीच्या फरशीवर मांडी घालून बसलो आणि एकेक पुस्तक काढून सत्ताविसावं पान उघडत गेलो. वर्तुळ. वर्तुळ. वर्तुळ. एकसष्ट पुस्तकं, एकसष्ट वर्तुळं. लोणच्यांवरसुद्धा! तिथली खूण मी उत्साहात पाहिली नव्हती. साडूने वायरिंगही सोडलं नव्हतं.

मी काउंटरवर गेलो. ‘हे कोण करतं?’

‘सभासदाचं नाव सांगता येत नाही,’ बाई म्हणाल्या. ‘पण एवढं सांगते, त्या कपाटाला दहा वर्षांत एकच सभासद हात लावतो. पुस्तक कधी एक दिवस उशिरा नाही. आम्हाला सगळ्यांना फार कौतुक आहे.’

त्या दिवशी मला खरा मत्सर काय असतो ते कळलं. तोवर मला आतून खात्री होती की साडू थापा मारतो. थापाड्या माणसाचा राग येतो, पण तो राग सुखाचा असतो. इथे तर तो खरंच वाचत होता. शिडी काढणारा तो माणूस लोणच्यांपासून कवितांपर्यंत सगळं वाचून, नम्रपणे, पुसता येईल अशी पेन्सिलीची खूण करून जात होता. आणि मी, लेखक, आठवर अडकलो होतो. मला जेवण जाईना. त्याचं अक्षर कसं आहे, वर्तुळ इतकं गोल कसं काढतो, यावर मी दोन दिवस विचार केला. घरी काढून पाहिलं. माझं बटाट्यासारखं आलं.

आणि मग नववं पुस्तक हाती लागलं.

जुनी कादंबरी. एक कंपाउंडर बायकोला न सांगता घर सोडून जातो, त्याची गोष्ट. वाचता वाचता सत्त्याण्णववरून पान उलटलं तर एकदम शंभर. मी धंद्यातला माणूस, माझा हात आपोआप पुस्तकाच्या माथ्यावर गेला. फर्मा! पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घडीने शिवलेलं असतं, त्या घडीला फर्मा म्हणतात. शिवताना एखादा फर्मा जरासा खाली घसरला की सुरी त्याच्या माथ्याला पोचत नाही, आणि पानं वरून जोडलेलीच राहतात. इथे सातवा फर्मा घसरला होता. सोळापैकी आठ पानं बंद. एकशे एकवर कंपाउंडर घरच्या वाटेला लागतो, पुढचं उघडं पान एकशे चार; तो पोचला की नाही ते बंद पानांत. छापल्या दिवसापासून कुणी ती फाडलेली नव्हती.

सत्ताविसाव्या पानावर वर्तुळ मात्र होतं.

मी ग्रुपवर मागे मागे गेलो. सापडलं. ‘आठवडा सव्विसावा. कंपाउंडरची कहाणी. एका बैठकीत संपवलं. हलवून टाकणारं.’ मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारल्या. भूक लागली. तीन पोळ्या खाल्ल्या.

‘रविवारी बघच,’ मी बायकोला म्हणालो. ‘साठ खुर्च्यांसमोर त्याचं पितळ उघडं पाडतो.’

‘कशाला? बोलू द्या की त्याला. कुणाचं काय जातंय?’

‘तुला काय कळतंय वाचनातलं!’ मी म्हणालो.

तिने दाताने दोरा तोडला आणि पॅन्टची घडी घातली.

रविवारी मी साठ खुर्च्या वर आणल्या. पंचावन्न माणसं आली. साडू नवा कोट घालून आला, त्याने पडद्यावर शिडी दाखवली, शिडीच्या प्रत्येक पायरीवर पुस्तक दाखवलं, आणि वर, ढगात, ‘मी’ असं लिहिलेलं दाखवलं. ‘परदेशात आपण हरवतो,’ तो म्हणाला. ‘पुस्तक आपल्याला शोधून आणतं.’ टाळ्या पडल्या. वाक्य चांगलं होतं, हे मला कबूल करावं लागेल. माझ्या कादंबरीत तसं एक असायला हवं होतं.

‘एक सूचना आहे,’ सूचनाकाका म्हणाले. ‘प्रश्न थोडक्यात.’

मी उठलो. ‘साडूभाऊ, ते कंपाउंडरचं पुस्तक. एकशे तिसऱ्या पानावर काय होतं?’

तो हसला. ‘दादा, पानं कोण लक्षात ठेवतं? मी गाभा घेतो.’

‘गाभाच आहे त्या पानावर. कंपाउंडर घरी परत येतो की नाही?’

‘येतो,’ साडू म्हणाला. लोकांकडे पाहिलं. ‘म्हणजे, मनाने येतो.’

मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि वर धरलं. फर्मा म्हणजे काय ते सांगितलं, सुरी म्हणजे काय ते सांगितलं, बावीस वर्षांचा अनुभव सांगितला. ‘ही आठ पानं,’ माझा आवाज चढला होता, ‘आजपर्यंत माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेली नाहीत! आणि तरी या पुस्तकावर, त्या कपाटातल्या एकसष्ट पुस्तकांवर, वाचल्याची खूण आहे. सत्ताविसाव्या पानावर. ही कुणाची, साडूभाऊ?’

‘कसली खूण?’ साडू म्हणाला. आणि मला दिसलं की त्याला खरंच काही माहीत नाही.

‘माझी,’ मागून आवाज आला.

पंचावन्न माना वळल्या. माझी बायको चौथ्या ओळीत बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

‘आणि दिसतात ती पानं,’ ती म्हणाली. ‘फक्त वरून चिकटलीयत. खालून बोट घालून फुगवायची आणि आत डोकवायचं. बसमध्ये मान जरा दुखते, एवढंच. लायब्ररीचं पुस्तक, फाडणार कसं? मागच्या वर्षी यांच्याकडे मी कागद कापायची सुरी मागितली होती, की लायब्ररीत विचारून नीट कापून देऊ. हे म्हणाले, भाजी चिरायला का?’

हॉल हसला. मी म्हणालो होतो. आठवलं.

‘एकशे तीनवर तो परत येतो,’ ती पुढे म्हणाली, आणि हसू थांबलं. ‘वीस वर्षांनी. दारात उभा राहतो. काय बोलायचं ते त्याने रस्ताभर पाठ केलेलं असतं. ती दार उघडते आणि विचारते, जेवून आलास का? आणि तो सगळं विसरतो. तेवढंच आहे त्या पानावर.’

साडूने माइक तोंडाशी नेला. ‘ताई, खरं सांगू? मी पाठीमागचा मजकूर वाचतो. जिमला जाताना लायब्ररी लागते, तिथे फोटो काढतो. जिमलाही...’ त्याने ते वाक्य तिथेच सोडलं. निर्लज्ज माणूस. पण एवढ्या लोकांसमोर खरं बोलला, त्याचाही मला हेवा वाटला.

‘एक सूचना आहे,’ सूचनाकाका म्हणाले. ‘वहिनींनी पुढे यावं आणि आपल्या ध्येयाविषयी बोलावं.’

ती पुढे गेली नाही. जागेवरूनच म्हणाली, ‘ध्येय वगैरे काही नव्हतं हो. इथे आले तेव्हा बसच्या खिडकीतून पाट्या दिसायच्या, एकही वाचता यायची नाही. मोठी बाई, आणि निरक्षरासारखी बसायचे. म्हणून आपली पुस्तकं काढली. आता पाट्या येतात वाचता. पुस्तकांची सवय राहिली. सत्ताविसाव्या वर्षी आले होते, म्हणून सत्तावीसवर गोल.’ ती थांबली. ‘झालं.’

सगळ्यात जोरात टाळ्या आमच्या कन्येने वाजवल्या. ‘आई, तू कधी बोलली नाहीस!’

‘कुणी विचारलं?’

साठ खुर्च्या मी खाली नेल्या. प्रत्येक खेपेला जिन्यात कुणीतरी भेटत होतं आणि सांगत होतं, ‘भाग्यवान आहात.’ मत्सराची एक सोय असते, तो लांबच्या माणसाचा करावा, रात्री तो त्याच्या घरी जातो. माझा आता माझ्याच घरी, माझ्याच शेजारी बसून बसने आला. डाव्या बाजूला. मोठं वळण आलं, आमची अंगं कलली, ती उठली. मीही उठलो.

घरी पोचल्यावर ती चहा टाकायला गेली आणि मी कपाट उघडलं. गरम कपड्यांच्या खाली माझ्या कादंबरीची वही असते. एक शंका मला हॉलपासून खात होती. मी पानं उलटली, शेवटपर्यंत गेलो, पुन्हा पहिल्यापासून आलो. वर्तुळ नव्हतं. एकसष्ट पुस्तकं वाचली, लोणच्यांवर गोल काढला, वायरिंगवर काढला, आणि नवऱ्याच्या वहीवर नाही.

मी वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. काय बोलायचं ते कपाटापासून इथपर्यंत पाठ केलं होतं. पहिलं वाक्य होतं, ‘परक्यांचं सगळं वाचलंस.’

तिने वहीकडे पाहिलं. ‘वाचलीय ती. तीनदा.’

‘मग खूण कुठंय?’

‘कुठे करू?’ ती म्हणाली आणि कपात चहा गाळला. ‘सत्ताविसावं पान आहे का त्यात?’

मी खाली पाहिलं. अकरा वर्षं, पानं सव्वीस. मला ते माहीत होतं. तिलाही माहीत असेल हे माहीत नव्हतं.

‘कशी आहे?’ मी विचारलं.

‘अर्धवट पुस्तकावर मी बोलत नाही. चहा घ्या.’

चहा घेतला. मग टेबलावरची तिची दोऱ्याची रिळं बाजूला सारली, वही उघडली, कोरं पान काढलं. काय लिहायचं ते अजून ठरलेलं नव्हतं. पण पानाचा आकडा आधी टाकला, आणि त्याच्याभोवती थोडी जागा मोकळी सोडली.